कुटुंब कोणाला म्हणावे?

आपल्या नित्याच्या व्यवहारात 'कुटुंब' हा शब्द इतका रुळलेला आहे की त्याचा अर्थ विचारण्याची वेळ सहसा येत नाही. शिधापत्रिकेवर, शाळेच्या अर्जावर, विमापत्रावर आणि देवस्थानांच्या सभासद-यादीत 'कुटुंबातील व्यक्ती' असा रकाना असतो व आपण तो विनासायास भरतो. परंतु हा रकाना भरताना कोणाचे नाव गाळले जाते, इकडे आपले लक्ष फारसे जात नाही. माहेरी परत आलेली लेक, भावाच्या घरी वाढणारा पोरका पुतण्या, दत्तक घेतलेली मुलगी, मुले परदेशी गेल्यामुळे एकटे राहणारे वृद्ध दांपत्य, एकमेकींच्या आधाराने संसार चालविणाऱ्या दोन अविवाहित बहिणी, या साऱ्यांचे स्थान त्या रकान्यात नेमके कोठे, असा प्रश्न आला म्हणजे मात्र आपण अडखळतो. या लेखात शब्द, शास्त्र, इतिहास आणि कायदा या चार अंगांनी त्याचा अभ्यास करावयाचा आहे.

शब्दाचा विचार

मराठीत 'कुटुंब' या शब्दाचे अर्थ एकाहून अधिक आहेत. जुन्या पिढीतील गृहस्थ 'आमचे कुटुंब गावी गेले आहे' असे म्हणत, तेव्हा त्यांना केवळ पत्नी अभिप्रेत असे. 'कुटुंबकबिला' म्हटले की बायकापोरे व आश्रित मंडळी सारीच त्यात येत. 'एकत्र कुटुंब' म्हटले की भाऊ, पुतणे, सुना व नातवंडे डोळ्यांसमोर येतात. म्हणजे हा शब्द कधी एका व्यक्तीपुरता आकुंचित होतो, तर कधी सबंध वाड्याला व्यापून उरतो. ज्या भाषेने एकाच शब्दाला इतकी लवचिकता दिली, तिच्या बोलणाऱ्यांनी कुटुंबाची सीमा कायमची आखून ठेवली होती असे मानणे योग्य होणार नाही.

समाजशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांनी आपल्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तीत पाच लक्षणे येतात : एका छपराखालचा वास, एका चुलीवरचे अन्न, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा आणि परस्परांतील विशिष्ट नाते. आपल्या घरांना ही पाच लक्षणे लावून पाहिली तर असे आढळेल की आज पाचही लक्षणे एकत्र असलेली घरे थोडीच आहेत. छप्पर दोन ठिकाणी, चुली दोन. परंतु गणपती मात्र एकाच घरी बसतो आणि त्यासाठी सारे भाऊ गावोगावहून येतात, अशी घरे मात्र गोव्यात व बेळगावकडे कितीतरी सापडतील. अशा भावांना आपण एक कुटुंब म्हणावे की अनेक?

जनगणनेचे उत्तर सरळ आहे. जे एकत्र राहतात व सामाईक स्वयंपाकघरातून जेवतात, ते तिच्या हिशेबी एक घर; मग त्यांच्यात रक्ताचे नाते असो वा नसो. शिरगणतीच्या सोयीसाठी हे ठीक आहे. परंतु प्रा. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा येथील कुटुंबांचा अभ्यास करून १९६४ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी एक वेगळीच गोष्ट निदर्शनास आणली. वेगवेगळ्या घरांत राहणारी माणसेदेखील मालमत्तेने आणि परस्परांविषयीच्या कर्तव्यांनी जोडलेली असू शकतात. तेव्हा केवळ चूल मोजून कुटुंब एकत्र की विभक्त हे ठरविता येत नाही. आम्हांला हा विचार मोलाचा वाटतो. चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब मोडले, अशी जी हळहळ आपण वारंवार ऐकतो, तिचे पुष्कळसे निरसन यातच होते.

धर्मशास्त्रातील कुटुंब

हिंदू एकत्र कुटुंबाचा पाया ज्या ग्रंथाने घातला, तो 'मिताक्षरा' आपल्या दक्षिणेतच लिहिला गेला. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत, कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण या राजधानीत, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ही टीका रचली. पुत्राचा वडिलोपार्जित मालमत्तेवर जन्मतःच हक्क उत्पन्न होतो, हे तिचे मुख्य तत्त्व होय. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा 'दायभाग' मान्य झाला व तेथे पित्याच्या मृत्यूनंतरच पुत्राचा हक्क उत्पन्न होई. एकाच धर्माच्या दोन प्रांतांत कुटुंबाची घडण दोन निराळ्या तऱ्हांनी लावली गेली, हे येथे ध्यानात घ्यावे.

पुढे मिताक्षरेच्या आधारे जी व्यवस्था रूढ झाली, तीत समाईक मालमत्तेचे हिस्सेदार केवळ पुरुषच असत. आई, पत्नी व लेक यांना अन्नवस्त्र मिळे, मान मिळे. परंतु हिस्सेदारांच्या गणनेत त्यांची नावे नसत. घर जिच्यावाचून एक दिवस चालत नाही तिचे नाव घराच्या हिशेबात नसावे, ही उणीव होती व ती दूर होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

तरीदेखील त्याच शास्त्राने रक्ताच्या पलीकडे पाहिले होते, हेही तितकेच खरे. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. औरस पुत्र हा त्यांपैकी केवळ एक. आईबापांनी टाकलेला व दुसऱ्याने सांभाळलेला 'अपविद्ध', आपण होऊन एखाद्याच्या पदरी पडलेला 'स्वयंदत्त', यांनाही त्या यादीत स्थान आहे. सर्वांचे अधिकार सारखे नव्हते. परंतु त्यांना पुत्र हे नाव नाकारलेले नाही. महाभारतात शकुंतला कण्वांना पिताच म्हणते, आणि जन्म देणारा, प्राण राखणारा व अन्न देणारा हे तिघेही पिता होत, असा खुलासा त्या आख्यानातच केलेला आहे. कर्णाला आपली खरी जननी कळल्यानंतरही त्याने राधा व अधिरथ यांचे मातृपितृत्व टाकले नाही. राधेय हे नाव त्याने अखेरपर्यंत मिरविले. यशोदेविषयी तर काही सांगावयासच नको. गोकुळाष्टमीला आपल्या घरोघर जो पाळणा हलतो, त्याच्या दोरीशी आपल्या मनात जन्मदात्री देवकी नसून यशोदाच उभी असते.

पितृपक्षातील महालय श्राद्धाचा विधी ज्यांनी घरी पाहिला असेल त्यांना ठाऊकच आहे की त्यात केवळ बापाकडील तीन पिढ्यांचेच स्मरण होत नाही. मातेकडील पितर येतात. आत्या, मावशी, बहीण, सासरे यांचे स्मरण होते. आणि त्यांच्या जोडीला गुरू, शिष्य व मित्र यांनाही पिंड दिला जातो. ज्यांना कोणीच उरले नाही त्यांच्या नावेही धर्मपिंड ठेवला जातो. आमच्या मते हा विधी नीट समजून घेणे हाच कुटुंबाविषयीचा एक मोठा पाठ आहे. वर्षातून एकदा आपण देवब्राह्मणांसमक्ष मान्य करतो की आपल्या माणसांची यादी आपल्या आडनावाहून लांब आहे. मग जिवंत माणसांच्या बाबतीत ती यादी अकस्मात आखूड का व्हावी?

संतांची घरे

आळंदीच्या चार भावंडांचे उदाहरण घ्या. विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले म्हणून समाजाने ते घर वाळीत टाकले. आईबापांनी देहत्याग केला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. मागे उरली निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई. कर्ता पुरुष नाही, कुळाचा आधार नाही, गावाची मान्यता नाही. अशा घराला त्या काळचे लोक कुटुंब म्हणावयास तयार नव्हते. परंतु त्या घरात थोरला भाऊ गुरू झाला, धाकट्या बहिणीने ज्ञानियाच्या राजालाही चार शब्द ऐकविले, आणि त्या पोरक्या घराने मराठी भाषेला ज्ञानेश्वरी दिली. ज्यांनी त्यांना बाहेर ठेवले त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

पंढरपुरी नामदेवांच्या घराचेही तसेच. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली आणि जन्मभर तेथेच राहिली. ती त्या घरची दासी होती. परंतु वारकरी परंपरा नामदेवांच्या परिवाराची गणना करते तेव्हा गोणाई, राजाई, मुलगे व सुना यांच्या बरोबरीने जनाबाईचेही नाव घेते. दळणकांडण करणाऱ्या त्या पोरक्या मुलीच्या आठवणीवाचून नामदेवांचे घर आज आपल्याला पुरे वाटत नाही. आपल्या घरात वर्षानुवर्षे राबणाऱ्या माणसांकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, याचा विचार हे वाचून प्रत्येकाने करावा.

दत्तकाचा इतिहास

कुटुंब कोणास म्हणावे हा प्रश्न केवळ घरगुती नाही, याचा अनुभव मराठी माणसाइतका क्वचितच कोणी घेतला असेल. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात १८२७ साली बायजाबाईंनी जनकोजीराव यांना व १८४३ साली ताराबाईंनी जयाजीराव यांना दत्तक घेतले, आणि राज्य चालू राहिले. परंतु १८४८ मध्ये साताऱ्याचे दत्तविधान लॉर्ड डलहौसीने अमान्य करून ते राज्य खालसा केले. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या दामोदररावांचीही तीच गत झाली. खाजगी मालमत्तेपुरता तो मुलगा, राज्यापुरता मात्र नव्हे, असा तो विचित्र न्याय होता. परक्या सत्तेने आईच्या मांडीवरील मुलाला 'हा तुझा नव्हे' असे सांगितले. त्याचा शेवट कोठे झाला हे ग्वाल्हेरच्या भूमीला पुरते ठाऊक आहे. पुढे १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या व दत्तक पुत्र राज्यालाही वारस होऊ शकतो हे इंग्रज सरकारला मान्य करावे लागले.

त्या मान्यतेचे फळ वडोद्याने पाहिले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांनी दत्तक घेतला. तेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले, ग्रंथालये उभारली, आणि १९३१ साली आपल्या राज्यात हिंदू स्त्रीपुरुषांस घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग खुला केला. विधवेने घेतलेल्या एका दत्तक मुलाने सबंध प्रजेच्या संसाराचा विचार केला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

राजघराण्यांत दत्तक घेतले जाई ते बहुधा वंशासाठी व गादीसाठी. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी जे केले त्याची जात निराळी होती. फसवल्या गेलेल्या विधवांची व त्यांच्या अर्भकांची हत्या टळावी म्हणून त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला आपला मुलगा मानले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत असताना त्याच रोगाने १० मार्च रोजी निवर्तल्या, त्या वेळी प्लेगच्या रोग्यांवर उपचार करण्याच्या कामात यशवंत त्यांच्याबरोबर होता. जात एक नाही, रक्त एक नाही. परंतु संकटात खांद्याला खांदा लावून उभे राहणे मात्र एक. याला कुटुंब म्हणावयाचे नाही तर कशाला?

आजचा कायदा काय म्हणतो

स्वातंत्र्यानंतर कायद्याने पावलापावलाने ही सीमा रुंद केली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलाप्रमाणेच मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. अविवाहित स्त्रीलाही आपल्या नावे दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. आणि दत्तहोम झालाच पाहिजे ही अट उरली नाही. त्याच वर्षीच्या वारसा कायद्याने विधवेला व लेकीला मृताच्या हिश्शात मुलाबरोबरीने वारस केले. तथापि जन्मसिद्ध हिस्सेदारीतून लेक बाहेरच राहिली होती. आंध्र प्रदेशाने १९८६ च्या, तर कर्नाटक व महाराष्ट्र यांनी १९९४ च्या दुरुस्तीने ती आत आणली. त्यामुळे हैदराबाद व बेळगावकडील आपल्या भगिनींना हा हक्क इतरांहून आधी लाभला, परंतु त्यातही आधीच विवाह झालेल्या लेकी वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून तो हिंदू वारसा कायद्याखालील सर्व लेकींना, विवाहित असोत वा अविवाहित, मिळाला. आणि त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, लेकीचा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निःसंदिग्धपणे सांगितले.

गोव्यातील वाचकांची परिस्थिती निराळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे समाईक होते व निम्मा वाटा पत्नीचा ठरतो. वारशात लेक व लेक यांच्यात, म्हणजे मुलगा व मुलगी यांच्यात, भेद नाही. गोव्याच्या २०१२ च्या वारसाविषयक कायद्यातही ही तत्त्वे कायम राहिली आहेत.

वृद्धांसाठी २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. तो मुलामुलींवर तर जबाबदारी टाकतोच. परंतु निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्या नातेवाइकाला मिळावयाची आहे, त्यालाही त्या वृद्धाचा निर्वाह टाळता येत नाही. वारसा हवा असेल तर सेवाही केली पाहिजे, हे आपल्या आजीबाईंना ठाऊक असलेले तत्त्व कायद्याला लिहून ठेवावे लागले, ही मात्र खेदाची गोष्ट होय.

ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका परिचारिकेचे प्रकरण आले. पतीच्या पहिल्या विवाहातील मुलांसाठी तिने पूर्वी संगोपनाची रजा घेतली होती. म्हणून तिच्या स्वतःच्या मुलाच्या वेळी प्रसूतिरजा नाकारण्यात आली. न्यायालयाने ती रजा देवविली आणि सांगितले की आई, बाप व मुले एवढेच कुटुंबाचे एकमेव रूप नव्हे. एकाच पालकाचे घर, पुनर्विवाहाने जुळलेले घर, दत्तकाने वा सांभाळाने झालेले घर, आणि समलिंगी सहजीवनाचे घर, हीही कायद्याच्या संरक्षणास पात्र आहेत. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने समलिंगी विवाहास मान्यता देणे हे न्यायालयाचे नव्हे, विधिमंडळाचे काम आहे, असा निर्णय दिला. या विषयावर आपल्या घरांत मतभेद आहेत व काही काळ राहतील. परंतु मतभेद असले तरी कोणाच्याही लेकराला घराचे दार बंद होऊ नये, एवढे तरी आपण सर्वांनी मान्य करण्यास हरकत नसावी.

मग कसोटी कोणती?

येथे एक आक्षेप घेतला जाईल व तो रास्तही आहे. सीमा अशी रुंदावत नेली तर शेवटी सारेच कुटुंब ठरतील, आणि जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे होणार नाही काय? शेजारी प्रेमळ असतो, स्नेही जिवाला जीव देतो. म्हणून ते सारे कुटुंबातील झाले काय?

आमचे नम्र मत असे की केवळ प्रेम ही कुटुंबाची कसोटी नव्हे. टाळता न येणारे कर्तव्य ही खरी कसोटी होय. स्नेह आटला तर स्नेही दूर होतो व त्याला कोणी दोष देत नाही. कुटुंबातील माणसाला मात्र रुसवा असतानाही औषध आणावेच लागते. यावरून तीन साधे प्रश्न सुचतात. हे माणूस आजारी पडले तर रात्री उशाशी कोण बसणार? त्याच्या शिक्षणाचा, विवाहाचा वा घराचा निर्णय घ्यावयाचा झाल्यास कोणाला विचारल्यावाचून चालणार नाही? आणि ते गेले तर सुतक कोणाच्या मनाला लागणार? या तिन्ही प्रश्नांच्या उत्तरात जी नावे पुन्हा पुन्हा येतील, ते त्याचे कुटुंब. ती नावे एका आडनावाची असोत वा नसोत.

ही कसोटी दुहेरी आहे, हे विसरता कामा नये. ती सीमा रुंद करते, तशीच ती आपल्या खोट्या समाधानालाही धक्का देते. एकाच छपराखाली राहून, एकाच चुलीवरचे जेवून, ज्यांनी वृद्ध आईशी महिनोन्महिने धड दोन शब्द बोललेले नाहीत, त्यांचे नाव शिधापत्रिकेवर असले तरी या कसोटीला ते उतरत नाहीत. उलट, दूरदेशी असूनही जो मुलगा नित्य विचारपूस करतो, खर्चाची तजवीज करतो आणि गरज पडताच धावून येतो, त्याची चूल वेगळी असली तरी घर एकच आहे.

घराचा कर्ता कोण, या प्रश्नालाही हीच कसोटी लावावी. इंदूरच्या अहिल्याबाईंचे पती १७५४ साली, सासरे १७६६ साली व पुत्र १७६७ साली गेले. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांनी मागे सरावयाचे होते. परंतु १७९५ पर्यंत राज्य आणि घर दोन्ही त्यांनीच सांभाळले, आणि त्या घराला कर्ता नव्हता असे म्हणण्याचे धाडस आज कोणी करणार नाही. मग आपल्या शेजारची विधवा दोन मुलांना वाढविते, भाडे भरते, कुळाचार पाळते, तेव्हा अर्जातील 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात तिचे नाव लिहिताना लेखणी का थांबावी? तिच्या दिराचे वा अज्ञान मुलाचे नाव तेथे घालणे म्हणजे जी भार वाहते तिलाच मोजण्यातून वगळणे होय.

दत्तक मुलाच्या बाबतीतही तसेच. धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र घेणाऱ्या पित्याच्या गोत्रात येतो. तेव्हा संकल्पाच्या वेळी 'खरे गोत्र कोणते' असा प्रश्न त्याच्यादेखत काढणे हे शास्त्राला धरून नाही, आणि माणुसकीला धरून तर मुळीच नाही. लहान मुलाच्या मनावर अशा एका प्रश्नाचा ओरखडा जन्मभर राहतो.

म्हणून वाचकांनी पुढील प्रश्नांवर आपापल्या घरी, शक्यतो सायंकाळी सारी मंडळी एकत्र असताना, मोकळेपणाने बोलावे अशी आमची सूचना आहे.

१. आपल्या घराच्या कागदपत्रांत ज्याचे नाव असावयास हवे पण नाही, असे कोणी आहे काय?

२. हळदीकुंकू, मुंज, लग्न अशा प्रसंगी आपण कोणाला बोलावणे टाळतो, व कोणत्या कारणाने?

३. लेकीचा हक्क कायद्याने मिळाला. तो आपल्या घरात मनाने दिला गेला आहे काय?

४. आपण आजारी पडलो तर उशाशी कोण बसेल? आणि आपण कोणाच्या उशाशी बसू?

यांतील चौथ्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे कागदावर लिहून पाहावीत. दोन्ही याद्यांतील नावे एकच निघाली तर ते घर सुखी समजावे. न निघाली, तर ज्यांचे नाव पहिल्या यादीत आहे पण दुसरीत नाही, त्यांच्या घरी पुढच्या सणाची वाट न पाहता जाऊन यावे.